साबणात उमटलेली किल्ली

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझी कंबर आणि दाजींचा खोकला, दोघंही आता नमले असतील असं धरून चालतो. पार्सल पोचलं. तुझी छोटी आंघोळीला गेली असताना तिच्या खोलीच्या किल्लीचा ठसा तू साबणाच्या वडीवर अगदी छान घेतला आहेस (या वयात हे कुठे शिकलीस, विचारत नाही). तिच्या उशाखालची कादंबरीही मिळाली. पोरगी दार लावून दिवसभर असलं काय वाचते ते बघून कळव आणि डुप्लिकेट किल्ली करून पाठव, अशी तुझी आज्ञा. वाचन सोपं वाटलं म्हणून ते आधी घेतलं आणि तिथेच फसलो.

माझं वाचन म्हणजे कुलपाच्या खोक्यावरचा मजकूर, हे तुला ठाऊकच आहे. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून चार पानं चाळायला बसलो. गोष्टीत एक राणी आहे. तिच्याकडे कुठलंही दार उघडणारी किल्ली, पण ती वापरली की आतलं माणूस राणीला ओळखेनासं होतं. ती किल्ली घासून लखलखीत ठेवायला तेरा वर्षांची एक मुलगी (कानस उलटी धरते, पण ते मी लेखिकेला माफ केलं). मात्र चाळिसाव्या पानावर किल्लीला दाते चार आणि कुलपं सात लिव्हरची. ताई, प्रत्येक लिव्हरला एक दाता लागतो, हे जमत नाही हे माझ्या दुकानातलं मांजरसुद्धा सांगेल. मी ही चूक समोरच्या शिंप्याला दाखवली, चष्मेवाल्याला दाखवली, एका गिऱ्हाइकाला तर अर्धा तास समजावली (त्याच्या घराला कुलूप आणि आत गॅसवर दूध, पण मुद्दा महत्त्वाचा होता).

दोनशे बाराव्या पानावर लेखिकेने मला चारी मुंड्या चीत केलं. त्या मुलीने एकदाचे दाते मोजले. ती किल्ली कुठलंच कुलूप उघडत नव्हती. राणीची पावलं वाजली की आतलं माणूस घाबरून आपणच कडी काढायचं, आणि तिथून पुढे राणी त्याला परकी. म्हणजे चार दाते ही चूक नव्हतीच, बाईंनी ते माझ्यासारख्या दीडशहाण्यासाठी मुद्दाम आधीच ठेवून दिले होते. तीस वर्षं कुलपं उघडतोय, पण असली कारागिरी पाहिली नाही. पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो, तर शिंप्याने येऊन विचारलं, बरं नाही का.

पुस्तकाच्या शेवटी अभ्यासाचे प्रश्न आहेत, कथानक, पात्रं, प्रतीकं वगैरे (प्रतीक म्हणजे वस्तू एक आणि अर्थ भलताच, तुझ्या साबणासारखा). छोटीने पेन्सिलीने उत्तरं लिहिली आहेत. ‘दार हे कशाचे प्रतीक आहे?’ याच्यापुढे तिने बरंच लिहून खोडलंय आणि खाली एकच ओळ ठेवलीय: आई आधी टकटक करायची.

तेव्हा पुस्तकात वाईट काही नाही. काळजी नसावी.

तुझा,
खिळ्या

ता. क. किल्लीचं म्हणशील तर साबणाला फेस उत्तम येतो. दुकानात सगळ्यांचे हात स्वच्छ आहेत.

आणखी एक ता. क. पुस्तक परत पाठवतोय. उशाखाली ठेवू नकोस, तिच्या हातात दे. आणि याचा दुसरा भाग तिच्याकडे असणार, तो मला याच आठवड्यात हवा आहे. राणीचं पुढे काय होतं ते कळेपर्यंत कामात लक्ष लागायचं नाही. तूच माग तिच्याकडे. दार बंद असलं तर काय करायचं, ते तिने लिहूनच ठेवलंय.