खड्ड्यातली सालपटं

संगमनेर, १० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
दिशाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून सांगता येत नाही, म्हणून कागदच बरा. आपला शोधनिबंध एका विज्ञानाच्या मासिकाने छापायला घेतला. ‘आपला’ म्हणते, कारण सालपटं तुझ्या हातची. तुमच्या ज्यूस कारखान्यात डाळिंबाचे दाणे काढून झाले की जो कचरा मागच्या खड्ड्यात टाकतात, त्याचा अर्क मी काढला आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर घातला. पेशी मेल्या, आत्या. माझ्या मार्गदर्शक मॅडम चष्मा पुसून पुसून बघत होत्या. माझी सगळी पीएच.डी. यावरच उभी आहे.

वर्तमानपत्रात बातमी आली, कात्रण सोबत आहे. हे बशीतलं आहे, माणसाचं औषध व्हायला कितीतरी वर्षं, असं मी बातमीदाराला तीनदा सांगितलं. त्याने ते शेवटच्या ओळीत घातलं. फोटोत वेणी वाकडी आली आहे, हसू नकोस.

मॅडम प्रयोग पुन्हा करून बघणार आहेत. आणखी एक पोतं भीमाच्या टेम्पोत दे, नेहमीसारखंच. गुडघ्याला तेल लावतेस, की नुसती बाटलीकडे बघतेस?

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी भाची,
दिशा


मिरजगाव, १७ फेब्रुवारी २०२५

चि. दिशा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. इकडं समदं ठीक हाय, गुडघा सोडून. कात्रण कामावर नेलं. आमी चौदा जणी दाणे काढायला बसतो, समद्यांनी हात धुऊन मग ते धरलं. केशरबाईनं तर दोनदा वाचून घेतलं. तुझी वेणी वाकडी न्हाई, मान वाकडी हाय, ल्हानपणापासून.

आता एक सांगते, रागावू नको. तू खड्ड्यातलं मागितलंस, पर मी ते कधी धाडलंच न्हाई. त्यात माश्या, आळ्या, वास. माहेरच्या लेकीला कचरा पोत्यात भरून द्यायचा, जिवाला पटंना. म्हणून दाणे काढतानाच चांगली सालपटं येगळी ठेवायची, घरी आणून धुवायची, आन् कारल्याच्या काचऱ्या वाळवतो तशी हळद चोळून पत्र्यावर वाळवायची. किडा लागत न्हाई. गेल्या साली जानेवारीत मला ताप हुता, तवा तेवढं एक पोतं भीमानं खड्ड्यातून भरलं. मला लई लाज वाटली.

आता तर तुझं नाव छापून आलंय, म्हणून ह्या पोत्याला दुप्पट हळद लावली हाय.

माया करतीस तशीच कर.
तुझी आत्या,
साळूबाई


संगमनेर, २४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी रागावले नाही, आधी हे समजून घे. मला लाज वाटते आहे, आणि ती तुझी नाही, माझी.

हळदीत एक द्रव्य असतं. बशीतल्या कॅन्सरच्या पेशी त्याने मरतात, हे आमच्या पुस्तकांत फार आधीपासून आहे. सालपटांचं म्हणून मी जे छापायला दिलं, ते तुझ्या हळदीचंच काम असणार. माल काही न लावता आहे तसाच हवा, हे तुला मी सांगायला हवं होतं. पण मी नुसतं पोतं मागत राहिले. दोन वर्षांत एकदाही मिरजगावला आले नाही. मॅडमनी विचारलं, माल खड्ड्यातूनच येतो ना, स्वतः पाहिलंस ना, तर मी हो म्हणाले.

याहून वाईट ऐक. भीमाने भरलेल्या पोत्याच्या अर्काने काहीच झालं नाही. मी वहीत ‘माल खराब’ असं लिहिलं आणि ते आकडे निबंधातून गाळले. तुझ्या पोत्यात हात घातला की बोटं पिवळी व्हायची. डाळिंबाचाही डाग पडतो, असं मी मनाला सांगायची. पण वासही यायचा, आत्या. आपल्या घरातल्या हळदीचा वास मला ओळखू आला नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणू?

तुझं पत्र दोन दिवस मी कपाटात दडवलं. आत्याशिवाय कुणाला ठाऊक आहे, असं वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी मॅडमपुढे ठेवलं. निबंध मागे घेतला, वर्तमानपत्रालाही कळवलं. पीएच.डी.चं काय करायचं ते समिती ठरवील.

ते पोतं पाठवू नकोस. खड्ड्यातला कचरा आहे तसाच हवा. मॅडम दुसरी संधी देणार असतील, तर मी स्वतः येऊन भरीन. अजून मी त्यांना विचारलेलं नाही, धीर होत नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
दिशा


मिरजगाव, ३ मार्च २०२५

चि. दिशा हिस आत्याचा आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिस मी भाजीत बी हळद घातली न्हाई. तुझ्या भल्यासाठी केलं आन् तुझंच वाटोळं केलं, असं वाटलं. आधी इचारायला पायजे हुतं. मला बी लाज वाटती.

तुझी फुशारकी मीच मारली, तवा खरं बी मीच सांगायचं. जेवणाच्या सुट्टीत उभी राहिले आन् समद्यांना सांगितलं. कुणी हसलं न्हाई. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी कात्रण परत मागितलं, तर केशरबाई उठली. तिचं गेल्या साली छातीचं आपरेशन झालंय, नगरला कॅन्सरच्या सुया चालू हायत. तुला मी हे कधी लिहिलं न्हाई. दवाखान्याच्या फायलीतून तिनं कात्रण काढून दिलं. औषध तिनं सोडलं न्हाई, नुसता कागद जवळ ठेवला हुता. उघडून उघडून घडीवर फाटलाय, तुझा फोटो मधोमध गेलाय. मला काही तो टाकवंना. ह्या पत्रात घातलाय, तूच ठेव.

केशरबाईनं एवढंच इचारलं, पोरगी परत करून बघणार हाय का. मी हो म्हणले. तुला न इचारता म्हणले. तवा मॅडमला इचार आन् शनिवारी ये. पोतं धुऊन ठेवलंय, खड्ड्यात तू उतर.

माया हाय, ती मागायची नसती.
तुझी आत्या,
साळूबाई