आभाराच्या थैलीत पडलेलं पाकीट

प्रिय रुमोंदांगताईस,

होरास आणि प्रभूत सलाम. भाऊजींचे गुडघे कसे आहेत? तुझी रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? (तीस वर्षं नर्स म्हणून जगाला गोळ्या चारल्यास आणि स्वतःची विसरतेस, म्हणून विचारते.) मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलायची माझी छाती नाही. फोन केला तर रडू येईल, म्हणून हे पत्र मेदानच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देते.

गळ्यावरच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता ना, त्याचा रिपोर्ट शुक्रवारी मिळाला, बंद पाकिटात. डॉक्टरांसमोरच उघडा म्हणाले, आणि डॉक्टर गावाला गेलेले, येणार ते आता या येत्या सोमवारी. घरी आल्यावर माझी जी गत झाली ती काय सांगू? डुकरांना दोन-दोनदा खायला घातलं आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. शेवटी पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "सहालाच्या आई, काळजी प्रभूच्या हाती द्यायची आणि परत मागायची नाही." बोलणं पटलं. (पाळकसाहेब अठ्ठावीस वर्षांचे आहेत. त्यांना साधं पडसंसुद्धा होत नाही.)

आता रविवारचं ऐक. नातीच्या बाप्तिस्म्याबद्दलचं आभाराचं पाकीट गीतांच्या पुस्तकात ठेवलं होतं, आणि हॉस्पिटलचंही त्यातच, कारण घरी ठेवलं असतं तर उघडून बसले असते. दानाची थैली फिरत आली तेव्हा आम्ही बायका गात होतो, तोंड गाण्यात आणि जीव गाठीत. कुठलं पाकीट टाकलं ते सूचनांमध्ये आभाराच्या पाकिटांवरची नावं वाचायला सुरुवात झाली तेव्हा कळलं. आपल्या देवळातले पंच ओलोआन (निम्मं ऐकतात आणि त्याच्या निम्मं वाचतात) चष्मा कपाळावर ठेवून उभे राहिले. पाकिटावर माझं नाव आणि हॉस्पिटलचं नाव पाहिलं, आणि मयताच्या सूचना वाचतात त्याच सुरात खणखणीत वाचलं, "सहालाची आई. आजारातून पूर्ण बरी झाल्याबद्दल आभार."

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. बायकांनी न सांगता आभाराचं गीत धरलं आणि ताई, मीही गायले. नाहीतर काय, उभं राहून सांगू की पंच, ती माझी गाठ आहे?

आजाऱ्यांच्या यादीतून माझं नाव त्याच दिवशी काढलं. जिला सगळ्यात जास्त प्रार्थना हवी तिच्यासाठी आता कुणीच करत नाही, कारण मी बरी झालेली बाई आहे. सोमवारी पंचांची बायको आशीर्वादाला देतात तसा डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा मासा हळद-मसाल्यात शिजवून घेऊन आली आणि ताट हातात देताना रडली. दान मोजताना पाकिटं उघडतात पंचच, म्हणजे त्यांनी रिपोर्ट वाचला असणार. मंगळवारी शेजारी घरच्या प्रार्थनेत तर त्यांनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची उचलून आणली. वीस वर्षांत हा माणूस स्वतःच्या आईसाठी उठलेला नाही. मी तिथेच बसून माझ्या मयताची गीतं ठरवली आणि उलोस शाल कुठल्या सुनेला द्यायची तेही.

ताई, मला फार भीती वाटते. प्रार्थनेला बसते, काळजी प्रभूला देते आणि आमेन म्हणायच्या आत परत घेऊन उठते. माझा विश्वासच कच्चा आहे की काय? पण हे विचारू कुणाला?

तुझी धाकटी,
लामतिउर

ता. क. पत्र बंद करत होते तेवढ्यात पंच ओलोआन आले. हातात पाकीट, न उघडलेलं. आत पैसे नाहीत, हॉस्पिटलचा कागद आहे, हे रविवारी दान मोजतानाच त्यांच्या लक्षात आलं होतं, पण भर मंडळीत चुकीचं वाचलं म्हणून चार दिवस तोंड दाखवायची लाज वाटत होती. मासा आणि खुर्ची त्यापायी. मान खाली घालून म्हणाले, "मी देवाच्या घरात खोटं वाचलं, सहालाच्या आई. तेव्हापासून रोज सकाळी गुडघे टेकतो, म्हणतो, प्रभू, माझं वाचलेलं खरं कर." त्यांना कॉफी दिली, आणि ते गेल्यावर पाच-सहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

ता. क. दुसरा. रविवारी दुपारच्या बसने निघ. सोमवारी डॉक्टरांसमोर पाकीट तू उघड, मी खिडकीबाहेर बघेन. पंचांना मी सांगितलंय की सगळी काळजी प्रभूच्या हाती दिली. तुला खरं सांगते, निम्मीच दिलीय. उरलेली एकटीने उचलवत नाही, ताई. ये.