फिल्टर साफ होता, मामा

प्रिय मामा,

सून सासऱ्याला पत्र लिहिते, तेही तो गेल्यावर, म्हणून हसू नका. दिवाळीनंतर तुम्ही गेलात, तेव्हापासून तुमचं झाडं कापायचं मशीन मीच चालवते. कामावरून आले की दिवसभराचं मनातल्या मनात तुम्हाला सांगते. पण परवाच्या वादळात जे झालं, ते काही मनात मावेना. साऱ्या पडेगावनं ते डोळ्यांनी बघितलं, तरी त्यातली अर्धी गोष्ट कुणालाच उमगली नाही. घरी आत्यांना सांगायला बसले, तर तुमची कारभारीण मला म्हणते, "अगं बाई, फिल्टरचं राहू दे, म्हातारीचं सांग!" आता फिल्टरचं राहू दिलं तर म्हातारीचं तरी काय सांगू? म्हणून तुम्हाला लिहितेय.

मी देवगाव रंगारीहून लग्न होऊन आले तेव्हा तुमचं काम काय असतं, ते मला धड माहीतसुद्धा नव्हतं. "सासरा झाडं तोडतो," एवढंच माहेरी ऐकलं होतं. मग कळलं, तुम्ही तोडण्यापेक्षा छाटताच जास्त. कुणाच्या गच्चीवर झुकलेली फांदी, कुणाच्या शेतात आडवं झालेलं बाभळीचं खोड, गंगापूरकडच्या बांधांवरची सुबाभूळ. संध्याकाळी घरी यायचात ते लाकडाच्या भुशानं भुवयांपर्यंत पांढरे होऊन. आणि हातपाय धुवायच्या आधी मशीन साफ करायला बसायचात! आत्या आतून ओरडायच्या, "आधी चहा तरी घ्या!"

"आधी ह्याला श्वास घेऊ दे," तुम्ही म्हणायचात.

एक दिवस तुम्ही मला अंगणात हाक मारलीत. "वैशाली, जरा उन्हात ये. माझ्या डोळ्याला दिसंना झालंय. ह्यात कुठं भोक हाय का बघ." तुमच्या हातात तळहाताएवढी पांढरी जाळी होती. तोच मशीनचा एअर फिल्टर, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी ती सूर्याकडं धरली. एका कडेला सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. "हाय की," म्हटलं. तुम्ही असे खूश झालात, जणू मी दहावीला बोर्डात आले! "लई ब्येस! आजपासून हे खातं तुझं."

मग शिकवलंत. कव्हर उघडायच्या आधी वरचा भुसा ब्रशनं झाडायचा. चोक बंद करायचा, म्हणजे जाळी काढताना सांडलेलं कार्बोरेटरमध्ये पडत नाही. जाळी कोमट पाण्यात साबणानं धुवायची आणि पूर्ण सुकल्याशिवाय बसवायची नाही. हवा मारायची तर आतून बाहेर. बाहेरून मारली की भुसा जाळीत आणखी रुतून बसतो. मी हे सगळं करायचे आणि तुम्ही शेजारी बसून साखळीला कानस मारायचात. तुमचं-माझं खरं बोलणं त्या अंगणातच सुरू झालं, नाही का?

"एवढ्याशा भोकानं काय होतंय?" मी एकदा विचारलं होतं. तुम्ही कानस खाली ठेवलीत. घरात गेलात आणि पत्र्याच्या डब्यातून एक जुना पिस्टन आणून माझ्या हातावर ठेवलात. "नख फिरव." नख खरखरत गेलं. तुमचं पहिलं मशीन गंगापूरच्या बाजूला एका चिंचेवर काम करताना जागीच जाम झालं होतं. जाळी कडेला फाटलेली तुम्हाला दिसली नव्हती. पिठासारखा भुसा आत जात राहिला आणि त्यानं पिस्टन असा ओरबाडून काढला. "जाडा छिलका काय करत नाय, पोरी. ह्यो बारीक, पिठावानी, ह्योच घात करतो." त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही बिनकामाचे बसला होतात, हे मला आत्यांकडून कळलं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

आणि मशीन माझ्या हातात दिलंत तो दिवस! तुमचा दम लागायला सुरुवात झाली होती. ह्यांना वाळूजच्या कंपनीतली नोकरी बरी वाटायची, ते या कामात कधी पडले नाहीत. तुम्ही अंगणात एक ओंडका ठेवलात आणि मला म्हणालात, "ओढ दोरी." आत्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. "बाईमाणसाच्या हातात काय देताय हे? गल्ली काय म्हणंल?"

"गल्लीला घरावरची फांदी उतरवायची असली की येतीलच बोलवायला," तुम्ही शांतपणे म्हणालात.

मग माझं पहिलं बाहेरचं काम. घरमालक तुमच्याशीच बोलत होता, माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. तुम्ही त्याला मधेच थांबवलंत. "मिस्त्री ही हाय. मी नुसता सोबत आलोय. काय विचारायचं ते हिला विचारा." मामा, तुमच्यासाठी ते साधं बोलणं असेल. माझ्या जन्मात मला कुणी चारचौघांत असं उभं केलं नव्हतं. त्या वेळी म्हणायचं राहून गेलं. आज म्हणते. लई उपकार झाले, मामा.

आता परवाचं ऐका.

दुपार कलली आणि दौलताबादच्या बाजूनं धूळ उठली. बघता बघता अंधारून आलं. पत्रे उडाले, दुकानांच्या पाट्या उडाल्या. पाऊस नावालाच, सगळा वाराच. वारा जरा पडतोय तोवर रुखसाना आपा धावत आल्या. मागच्या गल्लीत शिलाई करतात त्या, तुमचे शर्ट आल्टर करून द्यायच्या. अनवाणी, डोक्यावर ओढणी नाही. "वैशाली, मशीन लेके चल! नीम गिर गया घर पे! अम्मी अंदर है!"

त्यांच्या घरामागचा तो जुना लिंब, अर्धा वाळलेला, मुळासकट आडवा झाला होता. मागच्या खोलीचा पत्रा चेपून खोड थेट आत. अम्मी त्याच खोलीत खाटेवर असायच्या, त्यांना आधाराशिवाय चालता येत नाही. खोडाचं एक टोक भिंतीवर आणि मधला भाग लोखंडी कपाटावर टेकला होता, म्हणून खाटेवर जरा पोकळी राहिली होती. दार फांद्यांनी बंद. आतून आवाज येत होता, "या अल्लाह, या अल्लाह." आवाज येतोय म्हणजे जीव आहे, एवढंच मी मनात धरलं.

तारा लोंबत होत्या. तुम्ही शिकवल्याप्रमाणं आधी लाईनमनला फोन करायला लावला. लाईन बंद आहे असं त्यानं सांगितल्यावरच मशीन चालू केलं. बाहेरच्या फांद्या उतरवल्या, माणसं ओढून बाजूला टाकत होती. मग खोडाला लागले. वाळलेलं लाकूड, त्यात वारा! भुसा नव्हे, नुसतं पीठ उडत होतं. वरून पत्र्यावरची माती. समोरचं दिसेना. आणि मशीनचा आवाज बसायला लागला. रेस दिली तरी उचलेना. काळा धूर आला आणि बंद.

गर्दीतून पंक्चरवाला ओरडला, "वहिनी, ती जाळी फेकून द्या अन् तसंच चालवा! म्हातारी मरंल आत!"

खरं सांगू, मामा? हात जाळी काढायला गेला होता. थोडा वेळ बिनजाळीचं चाललंही असतं कदाचित. पण आसपास नुसतं पीठ तरंगत होतं आणि सगळ्यात जाड भाग अजून पुढंच होता. तो अर्धा कापला असताना मशीन जाम झालं, साखळीची पट्टी खोडात अडकून बसली, तर? दुसरं मशीन कुठून आणायचं? त्या दिवशी सगळ्या शहरात झाडं पडली होती.

मी खाली बसले. ब्रश काढला. कव्हरवरचा भुसा झाडायला लागले.

"अरे, ही झाडझूड करत बसली!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी चोक बंद केला. कव्हर काढलं. जाळी अशी लिंपली होती की तिचा रंगसुद्धा दिसेना. आतून अम्मींचा आवाज बारीक झाला होता. पंक्चरवाला मशीन हिसकायला पुढं आला, तशा रुखसाना आपा मधे उभ्या राहिल्या. आई त्यांची आत होती, तरी त्या त्याला म्हणाल्या, "करने दो उसको! उसको मालूम है!"

तुम्ही लावलेली सवय, मामा. धुतलेली, सुकलेली दुसरी जाळी झाकणाच्या डबीत कायम सोबत. डबी उघडली, कडा बोटानं दाबत जाळी बसवली, कव्हर लावलं, चोक उघडला. दोरी ओढली. नाही धरलं. परत ओढली. धरलं! आणि तो मोकळा आवाज आला. तुम्ही असतात तर नुसत्या आवाजावरून मान डोलावली असती.

खोड खाली बसू नये म्हणून माणसांकडून विटांचे टेकू द्यायला लावले आणि तुकडे पाडत गेले. मशीन एकदाही अडखळलं नाही. शेवटचा तुकडा लोकांनी उचलला, पत्रा वर वाकवला आणि अम्मींना खाटेसकट बाहेर काढलं. हात मोडला होता, कपाळावर खरचटलं होतं. सगळी गल्ली रडतेय आणि त्या म्हणतात काय, "मेरा चश्मा देखो रे कोई, टूटा तो नहीं?"

रडता रडता सगळे हसले!

नंतर कुणी म्हणालं, मशीन भारी आहे. कुणी म्हणालं, बाई भारी आहे. पंक्चरवाल्यानं तर स्वतः चहा आणून दिला. फिल्टरचं मात्र कुणी नाव काढलं नाही. घरी आल्यावर ती लिंपलेली जाळी धुतली, दिव्यासमोर धरली. कुठंही भोक नव्हतं. तेव्हा मात्र मला रडू आवरेना. तुम्हाला हाक मारून दाखवावंसं वाटलं हो!

आता थोडं भांडायचंय तुमच्याशी.

मी जाळी धूत होते तेव्हा आत्या बाहेर आल्या आणि माझं तोंड बघून तिथंच थबकल्या. मी भुवयांपर्यंत पांढरी. "त्यांच्यावानीच दिसतीस," म्हणाल्या. मग एकदम चिडून, "नाकाला काय बांधलं होतंस?"

काहीच नव्हतं बांधलं. घाईत निघाले होते.

आत्यांनी माझ्या हातातून पाण्याचा मग घेतला आणि माझं तोंड धुतलं, लहान लेकराचं धुवावं तसं. मला दवाखान्यातला तो दिवस आठवला. डॉक्टरांनी तुमच्या छातीचा फोटो उजेडात धरला होता आणि विचारलं होतं, "इतकी वर्षं भुशात काम केलंत, तोंडाला काही लावत होता का?"

"मशीनला लावत होतो की, साहेब!" तुम्ही हसून म्हणालात.

डॉक्टर हसले नाहीत. मीही हसले नाही. मामा, मशीनच्या आत कण जाऊ दिला नाहीत आणि स्वतःच्या छातीचं काहीच वाटलं नाही होय? मी मास्क पुढं केला की म्हणायचात, "त्यात जीव गुदमरतो." शेवटी काय झालं? बसल्या जागी दम लागायचा तुम्हाला. भिंतीला टेकून, खोकत रात्र काढायचात. अजून गल्लीत कुणी खोकलं की आत्या दाराकडं बघतात. हे तुमच्या कानावर घालायचंच होतं मला.

झालं. भांडण संपलं. राग आहे तो तुम्ही अजून हवे होतात म्हणून आहे, दुसरं काही नाही.

आज दुपारी अम्मींना बघायला गेले होते. हाताला प्लास्टर, तरी रुखसाना आपांना शिलाईवरून रागे भरत होत्या. मला जवळ बसवलं, माझा तळवा उलटसुलट करून बघितला. "ये काम किसने सिखाया, बेटी?"

"सासऱ्यांनी," म्हटलं.

"उनको मेरा सलाम बोलना."

तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत आहे, मामा. तेव्हा त्या स्वतः, रुखसाना आपांचा हात धरून, आत्यांजवळ येऊन बसल्या होत्या. तरी म्हणाल्या. मी "हो, सांगते" म्हटलं. तर अम्मींचा सलाम घ्या.

उद्या मिटमिट्याला काम आहे, एका शाळेच्या भिंतीवर आलेली वडाची फांदी उतरवायची आहे. आत्या आज मेडिकलमधून स्वतः जाऊन गाळणीचा मास्क घेऊन आल्या. साधा रुमाल चालत नाही, बारीक भुसा त्यातून जातो, हे डॉक्टरांचं बोलणं त्यांनी बरोबर ध्यानात ठेवलं होतं. आणि म्हणतात, "मी येते उद्या संगं. समोर उभी राहून बघते लावतीस का नाय!" तुमच्या कामावर कधी पाऊल न ठेवलेल्या आत्या, मामा! त्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला, भुशापासून लांब सावलीत बसवीन.

तुमच्याकडून कुणी वचन घेतलं नाही, तुम्ही ते दिलंही नसतं. माझं घ्या. मास्क बांधल्याशिवाय मी दोरीला हात लावणार नाही, घाई कितीही असो. आत्यांना या घरात तसला खोकला पुन्हा ऐकावा लागणार नाही.

तुमची सून,
वैशाली मिस्त्री