उत्तरतालिकेवरची दुसरी सही

गुरुवार, १२ जून, सकाळ

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे बरे आहेत. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा चष्मा झाला का? फोनवर मी विषय बदलते, म्हणून लिहिते आहे.

तात्पुरत्या यादीत ठमीचा प्रवेश एका गुणाने हुकला, हे तू सांगितलंसच. सोमवारी तिचा मला फोन आला होता. "मावशी, तो शिपायाचा प्रश्न गं. 'दार उघडतो, फरशी पुसतो आणि...' तू शिकवलंस तशी तिन्ही कामं एकाच घडणीची केली. 'टेबलं आवरतो' निवडलं. उत्तरतालिकेत 'टेबलांची आवराआवर' बरोबर दिलंय."

मी म्हटलं, "घाईत होतं असं."

"म्हणजे मला कळलंच नव्हतं," ती म्हणाली. "मग आक्षेप घेत नाही."

ताई, तिला कळलं होतं. तालिका चुकली आहे, आणि ती तपासणाऱ्या दोघांपैकी एक मी आहे.

नियम असा, की दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून प्रश्न सोडवायचे आणि मग उत्तरं ताडून पाहायची. आम्ही सात वर्षं एकाच टेबलाशी बसतो. माझे जोडीदार, त्यांना सगळे मास्तर म्हणतात, पर्यायांचे आकडे वाचतात. मी खुणा करते. त्या दिवशीही "बाई, सही करा, चहा निवतोय" म्हणाले. मी केली. तो प्रश्न मी वाचलाही नव्हता.

काल मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "कुणाचा आक्षेप आलाय का? मग गप्प बसा. निवृत्तीला माझे तीन महिने उरलेत."

मी पिशवी उचलून घरी आले. नोकरी जाईल याची भीती आहेच. भाचीसाठी केलं म्हणतील, याचीही. पण सगळ्यात जास्त भीती वाटते ती सोमवारच्या माझ्या आवाजाची. किती सहज निघाला तो.

आक्षेपाची मुदत आज पाचला संपते. अर्ज लिहिला आहे, नक्कल सोबत जोडली आहे. आधी हे पत्र पेटीत टाकणार, मग कार्यालयात जाणार. उलट क्रमाने गेले तर वाटेतून परत येईन, मला मी माहीत आहे.

ठमीला हे वाचून दाखव. कुठेही न गाळता.

तुझी धाकटी,
आणि त्या तालिकेवरची दुसरी सही