घारी, बोंबील आणि आमचं आंतरराष्ट्रीय विमानतळ

सहार रोड, अंधेरी पूर्व
मार्च १९८६

तीर्थरूप मामांस,

जावई दत्ताराम याचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आता पायऱ्या चढू देत असतील, मामींचा खोकला गेला असेल आणि म्हैस दूध देताना लाथा मारायची थांबली असेल अशी आशा आहे. तिथे असलेल्या सगळ्या लहानथोरांची प्रकृती उत्तम असावी, आणि कुणाच्या मनात राग असल्यास तोही उतरला असावा. (कोकणात उन्हं फार आहेत असं पेपरात आलंय, म्हणून विचारलं.)

गेल्या वर्षी शिमग्याला तुम्ही विचारलं होतं की मी विमानतळावर नेमकं काय करतो, आणि मी पुरणपोळी तोंडात असल्याचं दाखवून वेळ मारून नेली. आता खरं लिहितो. गिरणी संपानंतर उघडलीच नाही आणि पुढची दोन वर्षं तुमच्या लेकीच्या, प्रेमाच्या सुक्या बोंबलांवर घर चाललं, हे तुम्हाला माहीत आहे. पुढे विमानतळ वाढवायला काढलं, जगाच्या बरोबरीचं करायचं ठरलं आणि मला हंगामी नोकरी लागली. हुद्दा 'पक्षी नियंत्रण साहाय्यक'. तुम्ही गावात 'जावई विमानं सोडतो' असं सांगता, ते फार चुकीचं नाही. विमानं सुटावीत म्हणून मी घारी हाकलतो. धावपट्टीच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला भीमराज (गोवंडीचा, शांत माणूस) असे आम्ही सुतळी बॉम्ब घेऊन उभे असतो. घार खाली आली की मी बॉम्ब लावतो. ती उठते, एक गिरकी घेते आणि भीमराजकडे जाते. भीमराज लावतो. ती माझ्याकडे येते. असं संध्याकाळपर्यंत चालतं. घारीला व्यायाम होतो, आम्हाला बहिरेपण येतं.

तर जानेवारीत एक घार विमानाच्या इंजिनात गेली. माणसं सुखरूप उतरली, पण विमानात कुणीतरी मोठे पाहुणे होते आणि ते नवं टर्मिनल बघून कौतुक करायला आलेले होते. कौतुक राहिलं बाजूला, तिसऱ्या दिवशी समिती बसली. परदेशातून एक तज्ज्ञ आणला. उंच, लालबुंद, गळ्यात दुर्बीण. त्याच्याबरोबर आमचे चंद्रप्रकाश साहेब, दिल्लीहून बदलून आलेले. (यांना घार आणि कावळा यांतला फरक माहीत नाही, पण फायलीतला फरक लगेच कळतो.) तज्ज्ञाचं म्हणणं सरळ होतं. घारी उगाच येत नाहीत, जवळपास त्यांना खाणं मिळत असणार, ते शोधा. चार दिवस तो दुर्बीण लावून घारींच्या मागे फिरला. पाचव्या दिवशी दुपारी बाराच्या जरा आधी घारींच्या मागोमाग तो, त्याच्यामागे साहेब आणि साहेबांच्या मागे दुभाष्या म्हणून मी, असे आम्ही ज्या गच्चीवर चढलो, मामा, ती आमच्याच चाळीची गच्ची होती.

वर बांबूला बांधलेल्या दोऱ्यांवर दीडेकशे बोंबील तोंडं उघडून वाळत होते. चार घारी टाकीवर बसल्या होत्या. मध्ये प्रेमा, हातात काठी. साहेबांनी मला विचारलं, "यह औरत कौन है?" आणि मी, देवाशपथ सांगतो, घसा खाकरून म्हणालो, "इसी चाल में रहती है, साब." प्रेमाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर तुम्ही तिच्या लहानपणापासून ओळखता.

साहेबांनी फर्मावलं की मासे हटवा, यांच्यामुळे आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीला धोका आहे. प्रेमाने काठी टेकली आणि थेट आपल्या मालवणीत सुरुवात केली, "घारी माझ्या माशांर येनत नाय, तुमच्या इमानातल्या उष्ट्यार येतत. तीन वर्सां बघतंय मी हयसून. बारा वाजले काय उष्ट्याची गाडी येता, मगे बघा." मी याचं भाषांतर करेपर्यंत बारा वाजून पाच मिनिटं झाली आणि चारही घारी बोंबलांकडे पाठ फिरवून उडाल्या. तज्ज्ञाने दुर्बीण लावली. खरोखर, भिंतीपलीकडे, नव्या टर्मिनलच्या पाठीमागे, विमानांतलं उरलेलं जेवण उघड्यावर ओतलं जात होतं आणि त्यावर शंभरेक घारी पंगतीला बसल्या होत्या. पाव, लोणी, कोंबडी. (गोऱ्या माणसांनी न खाल्लेली कोंबडी आपल्या घारी कशी खातात ते बघून भीमराजने एकदा आपला डबा न खाताच बंद केला होता.) तज्ज्ञाने टोपी काढून प्रेमाला नमस्कार केला. साहेबांनी केला नाही.

दोन दिवसांत तज्ज्ञ आपल्या देशी गेला आणि अहवाल साहेबांनी लिहिला. त्यात असं होतं की विमानातलं उरलेलं अन्न हे ठेकेदाराच्या अखत्यारीत येतं, सबब त्याचा विचार दुसरी समिती करील. तूर्त घारींचं कारण म्हणजे चाळीच्या गच्चीवरचे मासे. खाली साक्षीदार म्हणून पक्षी नियंत्रण साहाय्यकाची सही हवी होती. साहेब म्हणाले, "दत्ताराम, तुम टेंपररी हो ना?" एवढंच म्हणाले. मामा, गिरणीच्या फाटकाला टाळं लागलेलं मी पाहिलंय. मी सही केली. इंग्रजीत केली, म्हणजे माझी वाटू नये.

दुसऱ्या दिवशी चार माणसं येऊन बांबू, दोऱ्या आणि बोंबील घेऊन गेली. कागदाची एक प्रत प्रेमाच्या हातात दिली. तिला इंग्रजी येत नाही, पण माझी सही येते. तिने कागदाची घडी करून ती बोंबलांच्या रिकाम्या टोपलीत टाकली. मी म्हटलं, आपणहून विषय कशाला काढा. त्या दिवसापासून आमच्या घरात फार शांतता आहे.

पण घारींना अहवाल कुठे वाचता येतो? सकाळी गच्चीवर रेंगाळणाऱ्या घारी आता दिवसभर विमानतळावरच मुक्कामाला राहिल्या, आणि शेजारपाजारच्यांनाही घेऊन आल्या. (देवनारच्या कत्तलखान्याकडूनही काही आल्या असाव्यात, त्यांची अंगकाठी वेगळी होती.) आठवड्यात दोन विमानं धावपट्टीवरून परत फिरवली. माझे सुतळी बॉम्ब दुपारीच संपायचे, मग मी नुसता हात हलवून ओरडायचो आणि नव्या टर्मिनलच्या काचेआडून प्रवासी मला उलट हात हलवायचे. शेवटी तज्ज्ञाला तार गेली. त्याचं उत्तर आलं की गच्ची धावपट्टीपासून लांब आणि बाजूला आहे, तिथे घारी गुंतून राहत होत्या हे चांगलंच होतं, त्या बाईंना मासे परत वाळत घालायला सांगा. समितीने हे एकमताने मान्य केलं. आता आमची गच्ची 'पर्यायी पक्षी आकर्षण केंद्र' आहे. बांबू नवे मिळाले, रंगवलेले. साहेब स्वतः चाळीचे जिने चढून आले, 'श्रीमती प्रेमाजी' यांच्या नावे विनंतीपत्र घेऊन. उष्ट्याची गाडी मात्र बारालाच येते, दुसरी समिती अजून बसायची आहे.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा जावई,
दत्ताराम

ता. क. साहेबांचं पत्र माझ्याच खिशात आहे, कारण ज्या बाईंना ते द्यायचं त्या तेरा दिवसांपासून तुमच्या पडवीत बसल्या आहेत. तिने तुम्हाला काय सांगितलंय ते मला ठाऊक नाही. जे सांगितलं असेल ते खरं आहे. तरी विमानवाहतुकीची निकड ध्यानी घेऊन तिला पहिल्या एसटीने पाठवून द्यावं ही विनंती.

ता. क. दुसरा. वरचं सगळं तिच्यासमोर वाचलंत तर ती उठून आत जाईल, म्हणून तिला एवढंच वाचून दाखवा. समितीला मासे नको असते तरी मी हे पत्र लिहिलं असतं. काल चाळीतल्या शांताबाईंनी मुद्दाम विचारलं, "प्रेमा तुझी कोण रे?" मी म्हटलं, बायको. जिन्यात उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. शांताबाई म्हणाल्या, हेच साहेबांसमोर म्हणायचं होतं.