समोरची काच

तीर्थरूप अप्पांस,
सूनबाईचा साष्टांग नमस्कार.

कागद घेऊन बसले खरी, पण वर तीर्थरूप लिहायचं की कैलासवासी, यातच दहा मिनिटं गेली. शेवटी तीर्थरूपच लिहिलं. कैलासवासी म्हटलं की भिंतीवरचा तो हार घातलेला फोटो डोळ्यांपुढे येतो, आणि त्या फोटोत तुम्ही अगदी गरीब दिसता हो! तसे कुठे होतात तुम्ही?

पत्राला कारण असं, की येत्या शनिवारी तुमची विमानं घर सोडताहेत. घाबरू नका, विकली नाहीत. वाचनालयाच्या वरच्या दालनात काचेचं मोठं कपाट केलंय, खास तुमच्या चार विमानांसाठी. प्रत्येकापुढे माहितीचं एक कार्ड लावायचं आणि ती कार्डं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ग्रंथपाल म्हणाले, "वहिनी, ते इंग्रजी पुस्तक तुम्हीच अप्पांना वाचून दाखवायचात ना? मग तुम्हीच लिहा." मी ऐटीत हो म्हटलं. तीन कार्डं झाली. चौथ्यापाशी अडलेय, आणि का अडलेय ते तुमच्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही.

अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन मी मंडणगडाहून या घरात आले, तेव्हा मला कुणी सांगितलंच नव्हतं की सासऱ्यांना हा नाद आहे. आंब्याच्या पेट्या ठोकतात, एवढंच ऐकलं होतं. पहिल्या सकाळी पडवीत केर काढायला गेले तर वाशाला एक दोन पंखांचं विमान टांगलेलं, आणि त्यात एक मातीचा माणूस पालथा निजलेला! मी विचारलं, "हा मेला की काय?" तुम्ही हातोडी खाली ठेवून पोट धरून हसलात. मग सांगितलंत, की जगात पहिल्यांदा इंजिनाचं विमान उडालं ते असंच, माणूस पोटावर निजून. मला वाटलं, हा माणूस आपली थट्टा करतोय. नवीन सुनेची करतात तशी.

त्याच आठवड्यात दारावर आलेल्या मासेवालीशी माझं वाजलं. पापलेटांच्या टोपलीत खाली शिळा माल घातलान होता तिनं, मी सोडते की काय! आतून आई हाका मारताहेत, "अगो, घरात ये, लोक बघताहेत." आणि तुम्ही पडवीतून म्हणालात, "बोलू दे तिला. मंडणगडची आहे, ऐकायची नाही." त्या दिवसापासून तुम्ही मला भांडखोर म्हणायला लागलात. मला राग यायचा नाही. का कोण जाणे, बरंच वाटायचं.

पेट्यांवरून विमानांवर कसे गेलात, ते तुम्ही मला किती वेळा सांगितलं असेल! एक व्यापारी आला होता, म्हणाला, "अप्पा, आता आंबा विमानानं दुबईला जायचा. पेटीचं वजन उतरवा." तुम्ही रंधा मारून मारून फळ्या इतक्या पातळ केल्यात की उन्हात धरल्या तर पलीकडचं बोट दिसावं. तरी पेटी मोडायची नाही. मग तुमच्या डोक्यात किडा शिरला, की पेटीचं एवढं, तर खुद्द विमानाचं वजन कसं उतरवत असतील? तो किडा तुम्हाला वाचनालयापर्यंत घेऊन गेला. तिथे विक्रम करणाऱ्या विमानांचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. इंग्रजी तुम्हाला ओ का ठो येत नव्हतं. पण चित्रं वाचायचात तुम्ही, अक्षरशः वाचायचात. भिंग घेऊन एकेका चित्रावर तासन् तास.

मग पुठ्ठ्याचे खोके आले आणि लाकडी पेट्यांना कुणी विचारेना. दुसरा असता तर पडवीत बसून कुढला असता. तुम्ही उरलेल्या फळ्या बघितल्यात आणि म्हणालात, "चला, आता फुरसत झाली."

काय काय वापरायचात! पंखांना पतंगाचा कागद, वर भाताची पेज लावून ताणलेला. चाकांना जुन्या स्लिपरचं रबर. ताणांच्या तारांसाठी सायकलच्या ब्रेकची तार उसवून त्यातला एकेक धागा. आणि माप म्हणजे माप! खऱ्या विमानाचा एक फूट म्हणजे आपला अर्धा इंच, त्यात सुतभर इकडचं तिकडे चालायचं नाही. नारिंगी विमानाची शेपटी जरा मोठी झाली म्हणून तयार झालेलं विमान तुम्ही मोडलंत. मी म्हटलं, "अप्पा, कुणाला कळणार आहे?" तर म्हणालात, "ते विमान आवाजाच्या पुढे गेलं गो. माझ्या शेपटीनं जाणार नाही."

आणि ते पोस्टातलं आठवतं? एकट्या माणसानं न थांबता अख्खा अटलांटिक ओलांडला, ते रुपेरी विमान तुम्ही केलंत आणि वजन बघायला पोस्टाच्या काट्यावर घेऊन गेलात. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कुठे पाठवायचंय?" तुम्ही म्हणालात, "पॅरिसला. तिकिटं नकोत, हे आपलं आपण जाईल." मी मागे उभी होते, हसू दाबता दाबता ठसका लागला मला.

या रुपेरी विमानापाशीच मी अडलेय, अप्पा.

खरं सांगते, आता तरी सांगते. लग्नाआधी मी कॉलेजात दोन वर्षं काढली होती, त्या जोरावर पहिल्याच आठवड्यात फुशारकी मारली होती की इंग्रजी मला येतं. रोज चारच्या चहानंतर तुम्ही पुस्तक उघडून पुढे ठेवायचात आणि मी वाचून मराठीत सांगायचे. पण अवघड ओळ आली की मी ती गाळायचे! सरळ पुढच्या ओळीवर उडी. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, दुसरीकडे तुमचे प्रश्न, कुठे अडकत बसायचं? तुम्हाला कधी कळलं नाही, असं मी धरून चालले होते.

पुस्तकात रुपेरी विमानाची तीन चित्रं होती, ती बघून तुम्ही विचारलंत, "समोर काच दिसत नाही. त्यानं काचेचं काय लिहिलंन आहे काय गो?" मी पानावरून नजर फिरवली. मधे एक लांबच लांब परिच्छेद होता, त्यात 'पेरिस्कोप' की काय असा शब्द. मी म्हटलं, "नाही, काही नाही लिहिलेलं. चित्र नीट आलं नसेल." तुम्ही भिंग घेतलंत, तिन्ही चित्रं पुन्हा बघितलीत आणि म्हणालात, "चित्रात नाही, तर नाही." विमान बिनकाचेचं केलंत. आत बसायची खुर्ची मात्र वेताची, अंगठ्याएवढी, खरोखर विणलेली. बाहेरून ती दिसतही नाही नीट.

मग रत्नागिरीत छंदांचं ते प्रदर्शन आलं. दोन दिवसांचं. पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त गर्दी तुमच्या टेबलाशी, माझी तर मान ताठ! तेवढ्यात परीक्षक आले. रुपेरी विमानापाशी थबकले आणि म्हणाले, "आजोबा, पुढची काच विसरलात की! पायलटला दिसणार कसं?" बरोबरचे दोघे खो खो हसले. तुम्ही म्हणालात, "विसरलो नाही." बस्स, दोन शब्द! अहो, भांडायचं होतं ना! चित्र दाखवायचं होतं! तुम्ही नुसते पंखावरची धूळ फुंकत उभे राहिलात. त्या शांतपणाचा इतका संताप आला मला!

दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी मी तिथे पोचले. लग्नातल्या शालूच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक कापून नेलं होतं. डिंक लावला आणि दिली समोर काच चिकटवून. वाकडी बसली होती, कडेनं डिंक बाहेर आला होता. पण लांबून शोभत होती. परीक्षक पुन्हा आले, "आता कसं!" म्हणाले, आणि उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर झालं. तुम्ही काचेकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. नाव पुकारलं तेव्हा म्हणालात, "तूच जा आणायला. तुझंच आहे ते."

आणि मी गेले, अप्पा! डोक्यावर पदर घेऊन, मिरवत गेले. मला वाटलं, केवढा मोठा मान दिला सासऱ्यांनी. ते प्रशस्तिपत्र स्वयंपाकघरात लावलं, आठ वर्षं येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवलं.

गेल्या सोमवारी कार्डासाठी पुस्तक पुन्हा आणलं. या वेळी शेजारी शब्दकोश घेऊन बसले, एकही ओळ न गाळता. तो परिच्छेद आला. त्यात चक्क लिहिलं होतं की या विमानाला समोर काच नव्हती! लांबचा पल्ला, म्हणून पेट्रोलची भली मोठी टाकी पायलटच्या पुढ्यातच बसवली होती. तो बाजूच्या खिडकीतून बघायचा, आणि समोरचं बघायला आरशांची एक नळी होती. तोच पेरिस्कोप. तुमचंच खरं होतं. पहिल्यापासून तुमचंच खरं होतं, आणि अख्ख्या रत्नागिरीसमोर मी त्याच्यावर प्लॅस्टिक चिकटवून बक्षीस घेऊन आले होते.

मला रडूच कोसळलं. रडून झाल्यावर ब्लेड घेतलं, स्टुलावर चढून रुपेरी विमान वाशावरून उतरवलं आणि काच काढायला बसले. म्हटलं, निदान कपाटात जाताना तरी तुमचं विमान खरं होऊन जाऊ दे.

पण ब्लेड आत जाईना! नीट बघितलं तर डिंक नव्हताच. प्लॅस्टिक माझं होतं, शालूच्या खोक्याचं, पण कडा माझ्या नव्हत्या. चारी बाजू सरळ कापलेल्या. लाकडात केसाएवढी खाच पाडून त्यात ते सरकवलेलं, भोवती बांबूच्या काडीची चौकट, आणि चौकटीला तोच रुपेरी रंग. आठ वर्षं खालून लांब कुंच्यानं धूळ झटकताना मी मनात म्हणायचे, काय टिकलीय माझी काच!

आई सुपारी कातरत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ब्लेड घेऊन काय चाललंय गो?"

"आई, ही काच काढतेय. मीच चुकीची लावली होती."

"तू चिकटवलीस. बसवली त्यांनी. दोन दिवस लागले त्यांना."

"त्यांना ठाऊक नव्हतं, विमानाला काच नव्हती म्हणून?"

"ठाऊक नसायला काय झालं? मीच म्हटलं, उपटून टाका ती. तर म्हणाले, 'सगळे हसत होते, तेव्हा ही एकटी माझ्या बाजूनं उभी राहिली. चुकीची का असेना, उभी राहिली. माझ्या विमानावर ती काच राहील.' वर मलाच दम दिला, सुनेला यातलं काही बोलायचं नाही म्हणून."

आणि अडकित्ता पुन्हा चालू! आठ वर्षं पोटात ठेवलंत दोघांनी. शेपटी सुतभर चुकली म्हणून विमान मोडणारे तुम्ही, आणि माझी धडधडीत चूक तुम्ही खाच पाडून, चौकट करून, रंग देऊन बसवलीत? स्वतःच्या सगळ्यांत चांगल्या विमानावर? एक शब्द तरी बोलायचात की हो! मी भांडले असते, रुसले असते, पण तुमच्यासमोर कबूल तरी केलं असतं की ओळी गाळायचे. आता कुणापुढे करू? म्हणून हे पत्र.

दोन दिवस झाले, माझं ठरत नाहीये. काच काढली, तर तुमच्या हातची खाच उघडी पडते. ठेवली, तर कपाटात खोटं विमान जातं, आणि लोक पुन्हा म्हणणार, बघा, अशी होती काच. तुमच्या पेट्या विमानातून दुबईला गेल्या, तुम्ही स्वतः पुण्याच्या पुढे कधी गेला नाहीत. पण अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानाला समोर काच नव्हती, हे तुम्ही पडवीत बसून नुसत्या चित्रावरून ओळखलंत. हे गावाला कळायला नको? मला तर छतावर चढून ओरडावंसं वाटतंय!

काल रात्री पत्र इथवर लिहून ठेवलं, आणि आज सकाळी चौथं कार्ड लिहून झालं. तुम्हाला वाचून दाखवते. या वेळी सगळं वाचतेय, शब्द न् शब्द.

'एकट्या माणसाने न थांबता अटलांटिक महासागर ओलांडलेले विमान. एक फुटाला अर्धा इंच. आंब्याच्या पेटीच्या फळ्या, वेत, पतंगाचा कागद. मूळ विमानाला समोर काच नव्हती. कारागिराने ते चित्रावरून अचूक ओळखले होते. ही काच त्याच्या सुनेने चुकून लावली आणि त्याने ती जाणूनबुजून राहू दिली.'

ग्रंथपाल म्हणाले, "वहिनी, शेवटची ओळ गाळली तरी चालेल." मी म्हटलं, "ओळी गाळणं बंद केलंय मी."

तेव्हा अप्पा, एक शब्द देते. ते प्रशस्तिपत्र आजच भिंतीवरून उतरवलंय. शनिवारी कपाटाशी मी उभी राहीन, आणि पुढेही दर शनिवारी जाईन. जो येईल त्याला ती वेताची खुर्ची वाकून बघायला लावीन. कुणी हसलं तर भांडेन, ते काही सुटायचं नाही. फक्त आता भांडायच्या आधी नीट वाचून घेईन.

तुमची भांडखोर,
शैला