अंगात आलं नव्हतं

प्रिय वेदू,

सकाळी ऑफिसातल्या फोनवर आईशी बोलले आणि तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. खिडकीशी जाते, परत येते, गादीची चादर ओढते, पुन्हा उठते. राखी, माझ्या खोलीतली मनमाडची मुलगी, शेवटी ओरडलीच, अगं बाई, बूड टेक कुठेतरी, तुला बघून मला गरगरायला लागलं! म्हणून बसलेय आणि तुला लिहितेय. बाबा मार्केटला झेंडू उतरवून गंगापूर रोडने परत जाताना इकडे डोकावणार आहेत, त्यांच्या हाती हे द्यायचंय. अक्षर वाकडं आलंय, चालवून घे.

आई काय खुशीत होती गं! वेदिकाने नवरात्र धरलंय म्हणाली, नऊच्या नऊ दिवस, आणि तेही निरंकार, पाण्याशिवाय तोंडात काही नाही. आज तिसरी माळ, तरी पोरगी पहाटे फुलं तोडायला सगळ्यांच्या पुढे. आणि हे कुणासाठी, तर ताई बरी होऊन घरी यावी म्हणून. पलीकडच्या कुसाबाई काकू तर म्हणे तुझ्या पाया पडून गेल्या, पोरीत लय सत हाय म्हणाल्या. मी नुसतं हं हं केलं आणि फोन ठेवला.

वेदू, माझ्यासाठी उपाशी राहू नकोस. माझ्यासाठी काय, कुणासाठीच राहू नकोस. तुला वाटेल, ताई इथे दवाखान्यात राहून धर्मबुडवी झाली. तसं नाही गं. मीसुद्धा कुणासाठी तरीच सुरुवात केली होती. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी सोमवार धरला, आठवतं? बाबा बरे झाले, सोमवार राहिला. मग गुरुवार आला, चतुर्थी आली, श्रावण आख्खा आला. आपल्यासारख्या घरात उपवास म्हटला की कुणी विचारतच नाही, का गं जेवली नाहीस. उलट कौतुक! लोक जितकं कौतुक करायचे तितकं मला जेवायची चोरी वाटायची. पुढेपुढे देव बाजूला राहिला आणि मला फक्त न जेवायची ओढ लागली. ज्या दिवशी उपवास नसायचा त्या दिवशी मला रडू यायचं. हे कुणाला सांगणार?

आणि मागच्या वर्षीची आरती. तू तिथेच होतीस म्हणून तुलाच पहिल्यांदा सांगते. माझ्या अंगात आलं नव्हतं. मला चक्कर आली होती. हातपाय थरथरत होते ते भुकेने. पण बायकांनी काय केलं? कपाळभर कुंकू फासलं, पुढ्यात ओटी ठेवली, आणि कुसाबाई काकूंनी आपल्या महेशचं लग्न कधी जमेल म्हणून विचारून घेतलं! मी हुं की चूं केलं नाही, तरी बाई समाधानाने घरी गेल्या. राखीला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली, आणि मग दोघींनाही रडू फुटलं. मला थोडी शुद्ध होती तेव्हा. सगळ्यांच्या मागे तू हात जोडून उभी होतीस. ज्या नजरेने तू बघत होतीस ना, ती मला आवडली. खोटं कशाला बोलू? घरात माझ्याकडे तसं कुणी कधी बघितलंच नव्हतं. आज आई बोलत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर सारखी तुझी तीच नजर येत होती.

मधल्या खाण्याची घंटा झाली, जाऊन आले. उपमा होता. अर्ध्याच्या वर खाल्ला आणि आता तो छातीशी अडकल्यासारखं वाटतंय. इथे खाऊन झालं की सगळ्यांनी हॉलमध्ये एकत्र बसायचं, सिस्टर समोर, कुणी उठायचं नाही. तो वेळ काढणं म्हणजे काय असतं ते तुला कळू नये. कुणी लोकर विणतं, कुणी नुसतं भिंतीकडे बघतं. माझा पाय हलत राहतो आणि सिस्टर म्हणतात, हर्षाली, पाय. घटस्थापनेच्या दिवशी आम्ही चौघींनी डॉक्टर मॅडमकडे एक दिवसाचा तरी उपवास मागितला. त्या म्हणाल्या, या वर्षी देवी तुमच्याशिवाय सांभाळून घेईल. मी इतकी चिडले की ताट ढकलून दिलं. नंतर तेच ताट पुन्हा समोर आलं. इथे असंच आहे.

गावात आई सांगते ना, हर्षाली नाशिकला कोर्स करतेय म्हणून? करतेच आहे की, जेवायचा कोर्स! पण खरंच, थोडी बरी झालेय. केस मुठीने येत नाहीत. थंडी वाजत नाही. पाळी परत आली तेव्हा राखीने आख्ख्या खोलीभर नाच केला, वेडी कुठली. परवा कुणी कांदा परतत होतं आणि मला चक्क भूक लागली. किती दिवसांनी! घाबरलेच मी.

बाबांची गाडी फाटकाशी आल्यासारखी वाटतेय, म्हणून खरं काय ते लिहून टाकते. उपम्यानंतर मी ऑफिसात जाऊन आईला परत फोन लावला. दोन वर्षं मी तुम्हा सगळ्यांना कसं कसं फसवलं, ते एकूण एक तिला सांगितलं. ताटात काय करायचे, पाहुण्यांसमोर काय, आई शेतात गेली की काय. इथे लिहीत नाही, तू उचलशील, आपण बहिणी आहोत. त्यातल्या काही गोष्टी मी डॉक्टर मॅडमपासूनसुद्धा राखून ठेवल्या होत्या, घरी गेल्यावर लागतील म्हणून. तुझ्यावर नजर ठेवायची तर आईला त्या ठाऊक हव्यात, म्हणून आज त्याही सांगून टाकल्या. आता दिवाळीत घरी आले की मला कुठेच लपता येणार नाही, आणि त्या भीतीनेच सकाळपासून मी वेड्यासारखी फिरतेय, कारण परत फोन करून सगळं सांगायचं, हे मी सकाळी आईचं बोलणं ऐकता ऐकताच ठरवलं होतं. आई आधी रडली, मग म्हणाली, देवीची माफी मी मागते, पण वेदिकाला आज जेवू घालते. ती तुझ्यासमोर ताट घेऊन बसेल आणि तू संपवेपर्यंत उठणार नाही. तुला माझा भयंकर राग येईल, ताईने चहाडी केली म्हणशील. म्हण. माझ्याशी वर्षभर बोलू नकोस. पण जेव गं.

तू बोलली नाहीस तरी तुझीच,
ताई